भोपळा, सुरी आणि आमची आई

पिओरिया, इलिनॉय
3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज

प्रिय बाळ्या,

मेल्या, तुझा तो मेसेज वाचला. "दिवाळीच्या दिवशी दारात भुताचं मुंडकं लावून बसलायस, लाज वाटते का?" फोनवर उत्तर दिलं असतं पण तू ऐकतोस कुठे, मध्येच तुझं सुरू होतं. म्हणून सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बस.

एक तर तो दिवस मी नाही निवडला. हॅलोविन, म्हणजे इथला भुताखेतांचा सण, दरवर्षी 31 ऑक्टोबरलाच असतो आणि यंदा नेमकी त्याच दिवशी नरक चतुर्दशी आली. इथल्या पंचांगात काय असेल ते असो, आई चिपळूणहून कालनिर्णय घेऊन आलीय आणि त्याच्या बाहेर ती जात नाही. म्हणजे पहाटे उटणं, मोती साबण, बाहेर 31 तारखेचा काळोख, आणि संध्याकाळी दारात दात विचकलेला भोपळा. आमच्याकडे हे असंच चालतं आता.

सुरुवात 2014 ला झाली, ऋचा केजीत होती तेव्हा. शाळेतून भोपळ्याचं चित्र रंगवून आली आणि म्हणाली सगळ्यांच्या दारात आहे, आपल्याच नाही. मग काय, आणला. मला वाटलेलं तोंड कोरायचं म्हणजे दहा मिनिटांचं काम. अरे वरचं झाकण सरळ कापलं तर ते थेट आत पडतं! सुरी तिरकी धरून कापायचं असतं म्हणजे ते कडेवर बसतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मग आतला तो सगळा धाग्यांचा चिकट गोळा हाताने ओढायचा, आइस्क्रीमच्या चमच्याने भिंत खरवडून बोटभर जाडीची करायची, नाहीतर उजेड बाहेर येत नाही आणि सुरी पण अडकते. डोळे-दात कोरायला किटमधली छोटी करवत असते, दिसते खेळण्यासारखी पण मोठ्या सुरीपेक्षा तीच बरी. दोन वर्षं माझं भूत कमी आणि आपले गणिताचे मास्तर जास्त दिसायचे, नाव लिहीत नाही, तुला कळलं.

आणि ही चाल मुळात भोपळ्याची नाहीच. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. तिथल्या नॅशनल म्युझियममध्ये डोनेगलच्या एका सलगमच्या कंदिलाचा साचा ठेवलाय, फोटो बघ, आपल्या शिमग्यातलं सोंग परवडलं. गोष्ट अशी की जॅक नावाच्या एका बेरक्या माणसाने सैतानालाच फसवलं, मेल्यावर त्याला स्वर्गात घेईनात आणि सैतान नरकात घेईना, मग तो सलगममध्ये निखारा ठेवून भटकत बसला. त्रिशंकूच की. आयरिश लोक इकडे आले, त्यांना हा मोठा मऊ भोपळा मिळाला आणि सलगम सुटलं.

आता खरी गंमत ऐक. आई पहिल्यांदा आली 2016 ला. ऋचा सात वर्षांची, सुरी घेऊन तयार, आणि आई किचनमधून ओरडली, "थांब गो! अख्ख्या भोपळ्याला बायकांनी पहिली सुरी लावायची नाही." आठवतं ना, तुझ्या घरी पण काकू कोहळा, भोपळा कापायला तुझ्या बाबांना हाक मारायच्या, ते घरी नसले तर शेजारच्या कुणालातरी. प्राण्याचा बळी देण्याऐवजी कोहळा कापतात म्हणून, असं काहीतरी. मी म्हटलं आई, हा खायचा नाहीये. ती म्हणाली भोपळा तो भोपळाच. मग पहिला काप माझा आणि पुढचं सगळं ऋचाचं, असा करार झाला आणि आई परत गेली तरी तो चालूच राहिला. 2019 ला मी शिकागोहून येत होतो, हॅलोविनलाच बर्फ पडलेला, गाड्या गोगलगायीसारख्या. घरी पोचलो तेव्हा रात्र झालेली, पोरं चॉकलेटं मागून गेलेली आणि पायरीवर अख्खा भोपळा तसाच. ऋचा त्याच्या शेजारी जॅकेट घालून बसलेली. बोलली नाही माझ्याशी.

इथून मॉर्टन म्हणून गाव आहे, वीस मिनिटांवर. स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतात, आणि अमेरिकेतला बहुतेक डब्यातला भोपळा तिथल्याच कारखान्यातून जातो. महिन्यापूर्वी आईला तिकडे घेऊन गेलो तर रस्त्याकडेच्या शेतात नारिंगी भोपळे नव्हतेच, मातकट रंगाचे लांबट धोंडे पडलेले. आई म्हणाली, "गाडी थांबव, हा बघ आपला भोपळा." मी हसलो. घरी येऊन शोधलं तर म्हातारी बरोबर! डब्यात जातो तो डिकिन्सन जातीचा, आणि आपला लाल भोपळा त्याच्याच कुळातला, मोशाटा. दारात कोरतात तो निराळा, पेपो, नुसतं पाणी आणि धागे. (आपला आपला म्हणतो तो पण मुळात अमेरिकेचाच, पण ते आईला सांगायची माझी छाती नाही.) पुढच्या एका शेतकऱ्याच्या स्टॉलवर तसला एक मिळाला, तो आईने मांडीवर घेऊन घरी आणला.

तर गुरुवारी. पहाटे कारीट नव्हतं. मृणालने दुकानातून शोभेचा चिमुकला भोपळा आणलेला, तो मी पायाखाली घेतला तर फुटायचं नाव नाही, घरंगळत सोफ्याखाली गेला. नरकासुर पळाला म्हणून ऋचा हसतेय. शेवटी बाहेर जाऊन बुटाने फोडला. कडू जिभेला लावायचं मात्र मी कुणाला करू दिलं नाही, असल्या फळांचा भरवसा नाही.

संध्याकाळी ऋचा, आता पंधराची, सुरी घेऊन आजीसमोर उभी. "आजी, यावर्षी पहिला कट माझा. का नाही ते सांग, आणि 'असंच असतं' हे उत्तर नाही." मी गप्प. मृणाल पण गप्प, पण तिचं गप्प वेगळं असतं, तुला माहितीय. आईने भोपळा उचलला, टिचकी मारली, देठाला वास घेतला, तो खाली ठेवला आणि म्हणाली, "याची भाजी होते? नाही. घारगे होतात? नाही. मग हा भोपळाच नव्हे. याला कसला नियम. काप गो."

आठ वर्षं! आठ वर्षं भोपळा तो भोपळाच होता!

ऋचाने झकास कोरला, फोटोत बघितलास तोच. आत आईने बॅटरीच्या दिव्याऐवजी पणती ठेवली, थोड्या वेळात झाकण भाजून भरतासारखा वास सुटला आणि दारात आलेली पोरं चॉकलेट घ्यायच्या आधी नाक वर करून वास घेत होती.

तो मॉर्टनचा खरा भोपळा ओट्यावर होता. काल पाडव्याला घारगे करायचे ठरलेले. मी वर ऑफिसच्या कॉलवर होतो, आता खाली जाऊन पहिली सुरी लावायची असं डोक्यात. उतरलो तर भोपळ्याच्या दोन फोडी झालेल्या, आई किसत बसलेली, ऋचा बिया धुतेय. मी विचारलं कुणी कापला? आई मान वर न करता म्हणाली, "तू कामात होतास."

घारगे उत्तम झाले. दारातल्याचं नाक काल खारीने खाल्लं, उद्या-परवा तो कुजून बसेल.

आणि हो, काकूंना यातलं काही सांगू नकोस. आईने तीनदा बजावलंय.

तुझाच,
मंग्या