टीम लीड झाले, पण आठवले तात्या

आई, बाबा,

सा. न. वि. वि. फोनवर रोज बोलतो तरी पत्र कशाला असं आई म्हणणार, पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं ठेव, बिल वाढतंय" म्हणतात (अनलिमिटेड आहे हो बाबा, किती वेळा सांगू), म्हणून लिहितेय.

मला टीम लीड केलं ते सांगितलंच. अकरा जण आहेत हाताखाली. "हाताखाली" लिहिलं आणि बाबा भुवया उंचावणार, माहितीये. पहिल्या महिन्यात मी तेच केलं, एका पोराला सगळ्यांसमोर कॉलवर झापलं, दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, तिसऱ्या दिवशी आला तर मान खाली. मग कंपनीने आम्हाला दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग दिलं, एसी हॉल, स्लाइडा, समोसे. समोसे चांगले होते.

तिथे ओळख करून देताना मी म्हटलं माझे बाबा वाशीच्या दाणा मार्केटमध्ये माथाडी होते, तर शेजारची विचारते माथाडी म्हणजे काय. कोपरखैरणेच्या पुढच्या स्टेशनला राहते ती! मग मी सांगत बसले, माथ्यावर गोणी वाहतात म्हणून माथाडी, अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, 1969 ला कायदा झाला, तेव्हापासून व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेली जादा रक्कम, माथाडी बोर्डात भरतो आणि त्यातनं फंड, ग्रॅच्युइटी, बोनस मिळतो, नाहीतर आधी हमालाला कोण विचारत होतं. बोलता बोलता मला तुमच्या टोळीचे मुकादम तात्या आठवले.

बाबा, तात्या मुकादम असूनही हिस्सा सगळ्यांएवढाच घ्यायचे ना? आणि तुमची पाठ धरली होती तेव्हा तीन आठवडे तुमचा हिस्सा घरी आणून द्यायचे, दारातच चप्पल न काढता, आईने चहा म्हटलं की "गाडी लागलीय" म्हणून पळायचे. मला तेव्हा वाटायचं किती तुसडा माणूस. आता कळतंय, बसले असते तर तुम्हाला थँक्यू म्हणावं लागलं असतं.

आणि आपल्या खालच्या पोळीभाजीवाल्या मावशी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिसं बंद, डबे बंद, तेव्हा त्यांनी भांडी विकली नाहीत, शेवया-पापड करून बिल्डिंगमध्येच विकले, आपणही घेतलेले, आई म्हणाली होती पापडात हिंग कमी आहे. आता चार बायका आहेत त्यांच्याकडे. गेल्या महिन्यात त्यातल्या एकीने फ्लॉवरच्या भाजीत दोनदा मीठ टाकलं, डबे निघून गेले आणि मग लक्षात आलं. मी तिथेच होते, पोळ्या घ्यायला. मावशी ओरडल्या नाहीत, फोन काढला आणि एकेका गिऱ्हाईकाला, "माझ्या हातनं मीठ जास्त झालंय, आज पैसे देऊ नका." माझ्या हातनं! ती बाई कोपऱ्यात उभी राहून रडत होती, मावशींनी तिला कणीक मळायला बसवलं, दुसरं काही बोलल्या नाहीत. त्या दिवसाचा पूर्ण धंदा गेला त्यांचा.

मागच्या आठवड्यात आमचं एक अपडेट फसलं, क्लायंट चिडला, चूक त्याच पोराची होती. कॉलवर मी म्हटलं मी तपासायला हवं होतं, चूक माझी. खरं सांगू, म्हणताना पोटात गोळा आला आणि मॅनेजरचं तोंड बघून वाटलं यंदाचं इन्क्रीमेंट गेलं. गेलंय बहुतेक. पण पोरगं रात्री अकरापर्यंत बसलं, मी न सांगता, आणि जाताना म्हणाला, "उद्या लवकर येतो मॅडम."

बाबा, एक विचारायचं होतं. टोळीत कोणी खरंच कामचुकार असेल, दर वेळी मागे राहणारा, तर तात्या काय करायचे? माझ्याकडे तसा एक आहे आणि त्याला मावशींची पद्धत लागू पडत नाहीये. तात्यांशी बोलणं होत असेल तर विचारा, नाहीतर नंबर द्या, मीच करते फोन.

आई, गुडघ्याचं तेल कुरियर केलंय. तांदूळ पाठवू नकोस, मागचेच आहेत अजून. गणपतीला चार दिवस आधी येते.

तुमची,
सोनू