परदेशातून फोन आणण्यापूर्वी

महोदय,

अमेरिकेतल्या भाच्याने दिवाळीला येताना त्याचा आयफोन माझ्यासाठी आणला. इथले सिम घातले, तर पडद्यावर 'सिम चालणार नाही'. मिरजेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या मुलाने पिनेने ट्रे दोनदा बाहेर काढला, सिम पुसून पुन्हा बसवले. मग म्हणाला, ''काकू, फोन बिघडलेला नाही, लॉक आहे; म्हणजे त्यात फक्त तिकडच्या मोबाइल कंपनीचेच सिम चालते. तो लॉक त्या कंपनीनेच काढायला हवा.''

भाच्याचे फोनचे तीन हप्ते बाकी होते. ते फिटेपर्यंत कंपनी लॉक काढेना, आणि अर्जही खातेदारानेच करायचा! दीड महिना फोन कपाटात पडून राहिला. पैसे भरून विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या परवानगीने वापरायची, हे मला पटत नाही. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून कंपन्यांना फोन लॉक न करताच द्यावा लागतो; ब्रिटनमध्येही डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे. अमेरिकेत हे का होऊ नये?

तिकडून फोन आणणाऱ्यांना कळकळीची विनंती : विमानात बसण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' उघडा. 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसले, तरच तो आयफोन बॅगेत ठेवा.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज