विखुरलेल्या नोंदी एका पानावर आणून देणाऱ्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कंपनीच्या सोयाबीन खरेदीच्या नोंदी एका पानावर आणून देताना आपण मानधन घेतले नाही आणि सत्काराचा विषय काढताच तो हसून टाळलात, म्हणून संचालक मंडळाच्या संमतीने हे आभारपत्र जाहीरपणे लिहीत आहे. त्यात थोडा स्वार्थही आहे. औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातील इतर शेतकरी उत्पादक कंपन्यांना आपण नेमके काय केले ते कळावे, कारण परवापर्यंत आमच्या कार्यालयात जे चालत होते तेच त्यांच्यापैकी अनेकांकडे आजही चालू असणार.

आमच्याकडे साधनांची वानवा नव्हती. सभासद नोंदणी गूगल फॉर्मवर, वजने गूगल शीटमध्ये, ओलाव्याचे आकडे काट्याजवळच्या वहीत, बाजारभाव ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या संकेतस्थळावर आणि त्याच्याही आधी व्हॉट्सॲपवर, तर पैसे जमा झाल्याची खातरजमा बँकेच्या पोर्टलवर. प्रत्येक साधन आपापल्या जागी चांगले आणि बहुतेक फुकट. परंतु राशी, म्हणजे मळणी, सुरू झाल्या की हडंब्यावरून (मळणी यंत्रावरून) निघालेले ट्रॅक्टर थेट आमच्या दारात येऊन उभे राहतात, आणि "माझ्या मालाचं काय झालं?" या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला लेखनिक ताईंना या सगळ्या ठिकाणी डोकवावे लागे. नावांचा घोळ निराळाच. सातबाऱ्यावर नाव मराठीत, बँकेत इंग्रजीत, फॉर्मवर मुलाने भरलेले तिसऱ्याच पद्धतीने, आणि एकाच गावात नाव-आडनाव सारखे असलेले दोघे-तिघे तर असतातच.

हे सगळे बाजूला सारून नवे ॲप घ्या, दरवर्षी शुल्क भरा, असा प्रस्ताव एका पुरवठादाराने आमच्यापुढे ठेवला होता. आपण आलात तेव्हा आधी काट्याजवळ खुर्ची टाकून बसलात. मापाडी मामा कट्टा काट्यावर ठेवून वजन मोठ्याने पुकारतात, ताई ते लिहून पावती फाडतात, ओलावा मोजणारा मुलगा मध्येच आकडा सांगून जातो, हा सगळा क्रम आपण आमच्याच शब्दांत उतरवून घेतलात. पुढे पडद्यावरच्या बटणांना नावे दिलीत तीही तिथलीच: 'माल आला', 'वजन-ओलावा' आणि 'पावती'. मामांना ती कोणी समजावून सांगावी लागली नाहीत.

जुने काहीही आपण मोडले नाही. फॉर्म राहिला, शीट राहिली. फक्त प्रत्येक सभासदाला एक क्रमांक दिलात आणि सगळ्या याद्या नावाऐवजी त्या क्रमांकाने जोडल्या. मग गूगल शीटला जोडून छोटे प्रोग्राम लिहिता येणाऱ्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये एक साधे वेब पान तयार करून त्या सगळ्यांच्या पुढे ठेवलेत. ओसरीवर उभे राहून घरातल्या कोणत्याही खोलीत हाक मारता यावी, तसे ते पान आहे. क्रमांक टाकला की त्या शेतकऱ्याचे वजन, ओलावा, लागलेला भाव आणि पैसे जमा झाले की नाही, एवढे एकाखाली एक दिसते. बँकेची माहिती मात्र आपण आपोआप आणली नाही. पोर्टलवरून उतरवलेली यादी ताईच रोज संध्याकाळी शीटमध्ये चढवतात. पैशाच्या खात्याला स्क्रिप्टचा हात लागू नये, हा आपला आग्रह मला फार पटला.

बारकावे तर कितीतरी. मराठी कळफलकावरून टंकलेला देवनागरी आकडा आणि इंग्रजी आकडा यांचे युनिकोडमधील क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे काही वजने बेरजेत येतच नसत. आपले पान आता दोन्ही स्वीकारते आणि शीटमध्ये एकाच रूपात लिहिते. दोन काट्यांवर एकाच क्षणी पावती निघाली तर दोघांना एकच क्रमांक मिळू नये म्हणून एकाची नोंद पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थोपवणारे कुलूप आपण स्क्रिप्टमध्येच घातलेत. बाजारभाव रोज सकाळी सरकारच्या खुल्या माहिती संकेतस्थळावरून येतो, आणि तो ज्या तारखेचा आहे ती तारीख भावाहून ठळक अक्षरांत दिसते. शिळ्या भावावरून होणारी हुज्जत त्यामुळे बरीच कमी झाली.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो हंगामागणिक बदलणारे आकडे ठेवलेल्या 'ठरवायच्या गोष्टी' या पानाचा. सोयाबीनच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. हा आकडा स्क्रिप्टच्या पोटात दडलेला असता तर ऐन खरेदीत आम्हाला पुण्याला आपल्याकडे फोन लावत बसावे लागले असते. आपण तो एका खान्यात ठेवला होता, म्हणून ताईंनी तो स्वतः बदलला आणि काम चालू राहिले. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपयांवरून पुढच्या हंगामासाठी ५,३२८ झाला, तोही त्यांनीच बदलला.

कागदी पावतीपुस्तक बंद करू नका, हे आपण बजावून सांगितले होते. आमच्यातील काही उत्साही संचालकांना ते रुचले नव्हते. पण आमच्या भागात वीज आणि रेंज एकदमच जातात, आणि तशा वेळी खरेदी थांबत नाही ती त्या पुस्तकामुळेच. वीज आली की त्यातील नोंदी पावती क्रमांकानुसार पानावर चढवल्या जातात.

जाताना सगळे काही आपण कंपनीच्या खात्यावर केलेत, स्वतःच्या नावावर काही ठेवले नाही, आणि मराठीत लिहिलेली मार्गदर्शिका छापून दिलीत. 'पान उघडत नसेल तर' हे त्यातील प्रकरण इतके वापरले गेले आहे की त्या पानांच्या कडा मळल्या आहेत.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या आभाराचा ठराव मांडला जाणार आहे. त्या दिवशी आपण आलात तर आनंद होईल. शिवाय तुरीसाठी प्रतवारीचे दोन खाने ताईंनी स्वतःच वाढवले आहेत, ते आपण एकदा नजरेखालून घालावेत अशी त्यांची इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
शेतकरी उत्पादक कंपनी, औसा तालुका, जि. लातूर