तेलाच्या देशांतील स्वस्त वीज आणि आपला शेतीपंप

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आखाती देशांच्या माणशी कार्बन उत्सर्जनाचे आकडे छापून आले की आपण त्यांच्या चैनीला नावे ठेवतो आणि पान उलटतो. कतारमध्ये माणशी वर्षाला ३० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर भारतात २ टनांच्या आसपास. कतारची लोकसंख्या लहान आहे आणि नैसर्गिक वायू द्रवरूप करून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यांचा धूरही याच हिशेबात येतो, हे मान्य केले पाहिजे. समुद्राचे पाणी गोडे करायला आणि तेथील उन्हाळ्यात घरे गार ठेवायला ऊर्जा लागणारच. तरीही सारा दोष हवामानाला देता येत नाही, कारण या देशांनी घरच्या ग्राहकाला इंधन आणि वीज इतकी वर्षे जवळजवळ फुकट दिली की ती वाचवण्याचे कोणाला कारणच उरले नाही.

सौदी अरेबियात २०१५ अखेरपर्यंत साधे पेट्रोल लिटरला ४५ हलाला, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने सुमारे आठ रुपये होते आणि घरगुती विजेच्या पहिल्या दोन हजार युनिटांना प्रत्येकी ५ हलाला, म्हणजे एक रुपयाही पडत नव्हता. अशा दरात भिंतींना उष्णतारोधक थर कोण देणार आणि कमी वीज खाणारा एसी कोण शोधणार? उन्हाळ्यातील मागणी भागवण्यासाठी तेथे वीजकेंद्रांत कच्चे तेल जाळले जात होते. जानेवारी २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये सरकारने दर वाढवले. घरगुती वीज १८ हलालांवर गेली. मात्र त्याआधीच, डिसेंबर २०१७ पासून, अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांच्या खात्यात थेट रक्कम जमा होऊ लागली होती. २०१८ मध्ये त्या देशाचे उत्सर्जन घटले. वाचलेले तेल निर्यात होते आणि त्याचा धूर खरेदी करणाऱ्या देशाच्या नावावर लागतो, ही या यशाची मर्यादा आहे. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या आपल्या देशाने तरी ती विसरू नये.

इराणने हीच वाट त्याआधी धरली होती. डिसेंबर २०१० मध्ये इंधनाचे दर वाढवून माणशी दरमहा रोख रक्कम देण्यास सुरुवात झाली. पुढे महागाई वाढत गेली, पण रक्कम आणि दर तिच्याबरोबर वाढले नाहीत. रोखीचे मोल उरले नाही आणि इंधन पुन्हा मातीमोल झाले. वायूच्या साठ्यात जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या या देशाला डिसेंबर २०२४ मध्ये इंधनटंचाईमुळे शाळा आणि कार्यालये बंद ठेवावी लागली.

मी स्वतः शेतकरी आहे, म्हणून हे सारे वाचताना मला आमच्या शिवारातील बोअर आठवतात. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि ती सवलत मार्च २०२९ पर्यंत चालणार आहे. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याला हा मोठा आधार आहे, तो काढून घ्या असे मी म्हणणार नाही. परंतु हा आधार विजेच्या रूपाने मिळत असल्यामुळे मोटरला कपॅसिटर बसवण्याची आठवण कोणाला होत नाही, दोनदा वाइंडिंग झालेली मोटर आणखी पाच वर्षे ओढली जाते, आणि रात्री थ्री फेज आली की ऑटोस्विचवर सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपी (रोहित्र) जळतो. विजेबरोबर पाणीही वाया जाते. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीच्या औष्णिक केंद्रातील संच बंद ठेवावे लागले आणि २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिले आहे. कोळसा जाळून वीज करायची, त्या विजेने भूगर्भ उपसायचा आणि पाणी संपले की वीजकेंद्रच थांबवायचे, हे चक्र आपल्या दारातले आहे.

पंजाबने २०१८ मध्ये एक वेगळा प्रयोग केला. तेथे शेतकऱ्याला ठरावीक युनिटांचा कोटा देण्यात आला आणि त्यातील वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे चार रुपये त्याच्या खात्यात जमा करण्यात आले. सवलत तशीच राहिली, फक्त बचत शेतकऱ्याच्या मालकीची झाली. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या किमान एका वाहिनीवर (कृषी फीडरवर), पंपांना मीटर लावून, येत्या रब्बी हंगामात शासनाने आणि महावितरणने असा प्रयोग करावा आणि २०२९ मध्ये योजनेची मुदत संपण्याआधी त्याचे आकडे गावागावांत जाहीर करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मीटर लावण्यासाठी माझा पंप मी आजच देण्यास तयार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड