लाल पेन आणि 'माका'

वेंगुर्ले,
रविवार

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, मुलाखतीच्या अर्जात 'माझी अध्यापनदृष्टी' असं एक पान लिहायचंय, तू काय लिहिलं असतंस? मी हसण्यावारी नेलं. नोकरीला लागले तेव्हा विचारलं असतं तर एका ओळीत भागलं असतं : मुलांची भाषा शुद्ध करणे. लाल रिफिली मी डझनाने आणायचे. वहीत मालवणी 'माका' दिसलं की काट, 'मला' लिही. आणि घरी आल्यावर तुझ्या आजीशी माझं 'माका-तुका'च चालायचं, त्यात काही खटकतही नसे.

सातवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'बापूस रापणीक गेलो.' रापण म्हणजे आपलं ते किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर विचारलं, "बापूस गेलो की तू गेलास?" वर्ग खो-खो हसला. माझा विनोद मलाही आवडला होता. त्या पोराने वर्ष संपेपर्यंत माझ्या तासाला तोंड उघडलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी विभक्ती घोकून घेत होते. स, ला, ते, स, ला, ना, ते. एक चेडू, मुलगी गो, म्हणालं, "बाई, आमका एकच 'क' पुरता. आवशीक, घराक, माका." ओरडणारच होते, पण म्हटलं बघू तरी. फळ्यावर मधोमध रेघ मारली. आंबा–आंबो, घोडा–घोडो. पोरं ओरडून ओरडून सांगायला लागली आणि त्यातच कुणीतरी 'गेला–गेलो' म्हणालं. माझा खडू थांबला. प्रमाण मराठीत 'गेलो' म्हणजे मी, मालवणीत 'गेलो' म्हणजे तो. त्या पोराच्या वाक्यात एकही चूक नव्हती गो! व्याकरण तेवढं दुसरं होतं.

म्हणून लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. मालवणीचे गोडवे गाऊन दहावीच्या पेपरात मार्क पडत नाहीत, आणि प्रमाण मराठी न येण्याचा तोटा गरिबाच्या पोरालाच होतो. ती शिकवायचीच, घासूनपुसून. फक्त आता मी काट मारत नाही, शेजारी दुसरं रूप लिहिते. शुद्ध-अशुद्धाचा ताठा तर आजीच्या ट्रंकेतली पत्रं वाचून उतरला. 'तूं कशी आहेस', 'सारें क्षेम', सगळीकडे अनुस्वार. १९६२ साली शासनाने साहित्य महामंडळाचे लेखननियम मान्य केले आणि आजीचं शुद्ध लेखन बसल्या जागी अशुद्ध झालं. तिने काही शेवटपर्यंत बदललं नाही.

निबंधाचे विषयही बदलले. मोरावर आठ ओळी न जमणाऱ्याला रापणीवर लिहायला सांगितलं, तर त्याने दीड पान भरलं. होडी अर्धगोल फिरून जाळं कशी सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून कसे ओढतात, वाळूत टाच कशी रोवायची. टाचेचं मला ठाऊकच नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ढीगभर. त्या दुसऱ्या दिवशी बघितल्या.

हे सगळं अर्जात कसं बसवायचं ते तू बघ. पण फोनवर सांगायचं राहिलं ते लिहिते. तो 'बापूस रापणीक गेलो' लिहिणारा मुलगा बंदरावर भेटतो अधूनमधून, स्वतःची होडी आहे आता. गेल्या आठवड्यात मी विचारलं, "बांगडे कसे रे दिलंस?" बाजूच्या गिऱ्हाइकाशी त्याचं खणखणीत मालवणी चाललं होतं. माझ्याकडे वळला, हात पुसले आणि म्हणाला, "नमस्कार बाई. आपल्याला किती हवे आहेत?"

मी पुन्हा मालवणीत बोलून पाहिलं. तो 'आपण'वरून खाली उतरला नाही. पैसेही कमीच घेतले.

दिवाळीला येताना लाल सोडून कुठल्याही रंगाची पेनं आण, इथे धड मिळत नाहीत.

तुझी,
आई