आई गेल्यावर लेकीला किती दिवसांची रजा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात रोज निधनवार्ता येतात. 'त्यांच्या पश्चात मुलगा, सून, विवाहित मुलगी, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी.' गेल्या आषाढात आई गेली आणि त्या ओळीतली विवाहित मुलगी मी झाले. तेव्हापासून मनात असलेलं आज लिहिते.

मी कोल्हापुरात साड्यांच्या दुकानात काउंटरला असते. आई गडहिंग्लजला. शेवटच्या आजारपणात तिच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टर हे मीच सुट्टीला एसटीने जाऊन बघायचे. रक्षाविसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर होते. मालक माणूस म्हणून चांगले आहेत. घरी भेटायला आले, पैसे हवेत का म्हणून विचारलं. पण रजेचं बोलल्यावर म्हणाले, "लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक असतं ना?" आमच्यात तसं मानतात, खरं आहे. सुतक किती धरायचं ते ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं, पण त्यावरून कुणाची रजा ठरू नये.

काम जमत नव्हतं असं नाही. साडी उलगडायला आणि घडी घालायला हात सवयीने चालतात. जड जायचं ते गिऱ्हाइकांमुळे. आमच्याकडे मुलगी सहसा आईला घेऊनच येते. आई पदर उलटा करून बघते, काठ चिमटीत धरते, "रंग जाईल का हो?" म्हणून मला विचारते आणि मुलगी म्हणते, "तू गप्प बस गं आई, मला आवडलीय." तेवढं ऐकलं की मी मागच्या खोलीत जाऊन गठ्ठे लावत उभी राहायचे. माझी आई आयुष्यभर इरकल नेसली. सोबतच्या बायकांना ते माहीत होतं. त्यांनी न बोलता इरकलच्या कप्प्याचं काम बरेच दिवस आपल्याकडे घेतलं. हे मी विसरणार नाही.

मग कागदपत्रं सुरू झाली. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती भावाने केली. वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांच्या मागे आईला मिळणारी पेन्शन बंद करायची, बँकेचं खातं, सातबाऱ्यावर वारस नोंद. आईच्या नावावरच्या जमिनीत 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, म्हणून माझ्याही सह्या लागल्या. या सगळ्या कचेऱ्या दुकानाच्या वेळेतच उघड्या असतात. दर खेपेला पगार कापला गेला. सहीला मी भावाइतकी वारस आणि रजेला मात्र तीन दिवसांची, हे मला पटत नाही.

भावालाही वेगळी रजा नव्हतीच. त्याची साठवलेली रजा उत्तरकार्यापर्यंत संपून गेली. आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा आहे. तीही तिमाहीप्रमाणे जमा होते, म्हणजे तीन महिन्यांना दोन दिवस. घरातलं माणूस गेलं म्हणून वेगळी रजा त्यात नाही. त्याच वर्षी केंद्राने प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 केली, ते फार चांगलं झालं. जन्माचा विचार झाला, तसा मृत्यूचाही व्हावा.

आई, वडील, जोडीदार किंवा मूल गेल्यावर किमान 10 दिवसांची भरपगारी रजा कायद्यात यावी, मुलग्याला आणि विवाहित मुलीला सारखीच. सुनेलाही सासू-सासऱ्यांसाठी ती मिळावी, कारण घरात सगळ्यात जास्त राबते तीच. आणि ही रजा सलग घेण्याची सक्ती नसावी, वर्षभरात तोडून घेता यावी. पहिल्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, रडायलाही सोबत असते. नंतरचे दिवस एकटीचे असतात. आईचं कपाट आवरायचं ठरलं तेव्हा दुकानात गौरीच्या खरेदीची गर्दी होती आणि मला रजा मिळाली नाही. वहिनीने एकटीने आवरलं. माझ्या वाट्याच्या साड्या तिने प्रेमाने निवडल्या आणि भावाबरोबर पाठवून दिल्या. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आईच्या कपड्यांना शेवटचा हात लावताना मी तिथे हवी होते, आणि तो दिवस आता परत मिळणार नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल हे कळतं. आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न मांडावा. तोवर व्यापारी संघटनांनी सभासदांना निदान एवढं तरी सांगावं, की वारस नोंद, बँक, पेन्शन या कामांसाठी गेलेल्या माणसाचा त्या दिवसाचा पगार कापू नये आणि वर्षश्राद्धाला रजा नाकारू नये.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर