लुगडं नेसतात, घालत नाहीत

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सांगलीत गावभागात राहते, ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शिवलेली नऊवारी असं सगळं शिवते, २२ वर्षं झाली मशीनवर बसून. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे त्यामुळं कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. मागच्या आठवड्यात तुमच्याकडं वाचकांच्या पत्रात एका काकांनी लिहिलं होतं की पोरींनी साडी सोडली, जीन्स आली आणि संस्कार गेले, आणि दोन दिवसांनी एका ताईंनी त्यांना उत्तर दिलं की साडी म्हणजे बाईच्या पायातली बेडी आहे, ती जेवढी लवकर सुटेल तेवढं बरं. दोन्ही पत्रं मी दुकानात बायकांना वाचून दाखवली आणि त्या दिवशी शिवण कमी आणि बोलणंच जास्त झालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय, या दोघांनी लुगड्यात काम करणारी बाई कधी जवळून बघितलीय का?

माझी आज्जी तासगाव तालुक्यातली. जन्मभर नऊवारी लुगडं, दुसरं काही तिनं अंगाला लावलंच नाही. त्या लुगड्यात ती पायऱ्यांच्या विहिरीत उतरायची, बैलगाडी हाकायची, हळद शिजायला लागली की पहाटे चारपासून काहिलीपाशी उभी असायची, आणि चिंचेच्या झाडावर चढलेली तर मी स्वतः बघितलीय, तेव्हा ती साठीची असेल. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ऐकायला केवढं वाटतं, पण आत परकर नाही, पिन नाही, नाडी नाही. कमरेला पुढं एक गाठ, एका बाजूनं पदर काढायचा, उरलेल्या घोळाच्या निऱ्या घालून पुढं खोचायच्या आणि त्या निऱ्यांचा खालचा काठ दोन पायांमधून मागं नेऊन कमरेत घट्ट खोचला की झाला काष्टा. पाय मोकळे, बसा उठा पळा, काही सुटत नाही. शेतात जाताना तिचं लुगडं पोटरीच्या वर असायचं आणि लग्नाला जाताना घोट्यापर्यंत, तेच लुगडं, तीच बाई, फक्त खोचायची पद्धत वेगळी. याला बेडी कसं म्हणायचं सांगा मला.

आणि ते नुसतं अंगावर नेसायचं कापड नव्हतं ओ. पैसे कनवटीला, म्हणजे कमरेच्या खोच्यात. पाटी डोक्यावर घ्यायची तर पदराची चुंबळ. माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला गेली की परत येताना पदरात शेंगा, वांगी, कधी आमच्यासाठी बोरं. लुगडं मधोमध विरलं की ती ते टाकून द्यायची नाही, विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन चांगले तुकडे एकमेकाला जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात, हल्लीच्या पोरींना हा शब्दच माहीत नाही. दंड घातलेलं लुगडं अजून दोन वर्षं चालायचं, मग त्याची गोधडी, मग गोधडीचं पायपुसणं. मी आज शिवणकाम करते ते तिच्यामुळंच, मला पहिला धावदोरा तिनं दंड घालतानाच शिकवला, सात वर्षांची असेन, सुई बोटात घुसली तर म्हणाली रगात बघू नगं, टाका बघ. तो टाका अजून माझ्या हातात आहे.

तिची दोन इरकली लुगडी माझ्याकडं होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं दुकान सगळं पाण्यात होतं, मशिनी गेल्या, गिऱ्हाइकांची कापडं गेली, आणि खालच्या ट्रंकेत ही लुगडी. आठ दहा दिवसांनी चिखलातून काढली. एक कुजलं होतं, हातात घेतलं तर फाटत गेलं. दुसरं, डाळिंबी रंगाचं, ते मी सहा पाण्यातून काढलं, सुती अंग आलं जसंच्या तसं पण पदराचा लाल रंग पांढऱ्या पट्ट्यांत उतरला. तेव्हा पहिल्यांदा मी तो पदर आतून नीट बघितला. इरकलीचा पदर शिवून जोडलेला नसतो. अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सुताचा आणि पदराचा ताणा रेशमाचा, आणि विणकर दोन्ही ताण्यांच्या धाग्यांचे फासे एकमेकांत अडकवून जोडतो, एकेक धागा, मग पुढं विणायचं. टोप-तेणी म्हणतात त्याला. एवढ्या पाण्यात चिखलात राहून तो जोड एका जागी सुद्धा सुटला नव्हता. मी रडले बघा त्या दिवशी, मशिनीसाठी नाही रडले एवढी.

ही लुगडी आपल्याकडं यायची ती कर्नाटकातनं, बागलकोट जिल्ह्यातलं इलकल, आणि चोळीचा खण तिथल्याच गुळेदगुड्डचा. आपल्या बायकांनी त्याला इरकल करून टाकलं आणि आपलं म्हटलं, बरोबरच आहे, नेसणारीचं असतं ते. इकडं इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढं तिथल्या मागांवर नऊवारी पातळं निघायला लागली, आमच्या जिल्ह्यातल्या विट्यातही माग आहेत. हातमागाचं परवडत नव्हतं त्या बायकांनी मागावरचं पातळ नेसलं. म्हणजे तेव्हाही बाई खिसा बघून आणि काम बघून ठरवत होती, परंपरा म्हणून कुणी तिला सांगत बसलेलं नव्हतं.

आता काकांच्या मुद्द्यावर येते. पोरींनी सोडली म्हणता, माझ्या दुकानात येऊन बसा एकदा गणपतीच्या आधी. रात्री बारापर्यंत मशीन चालू असतं, सगळ्या शिवलेल्या नऊवारीच्या ऑर्डरी, ढोलपथकातल्या पोरी, लग्नातल्या करवल्या, कॉलेजच्या ट्रॅडिशनल डे वाल्या. आवडीनं येतात, कुणी जबरदस्ती केलेली नसते. पण शिवलेली नऊवारी म्हणजे काय तर पायजम्यासारखं चढवायचं, बाजूला हूक किंवा चेन, निऱ्या आधीच शिवून बसवलेल्या, पदर तेवढा खांद्यावर टाकायचा. माझं पोट त्याच्यावर चालतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. गेल्या वर्षी एक पोरगी आली इंजिनिअरिंगची, म्हणाली काकू मला नऊवारी घालायला पाच मिनिटं लागली पाहिजेत आणि मोबाईलला खिसा पाहिजे. मी म्हटलं खिसा देते. मग मापं घेता घेता मी तिला आज्जीचं वाक्य सांगितलं, लुगडं नेसत्यात गं, घालत न्हाईत. ती थांबली. म्हणाली फरक काय? मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिच्या लेगिंग्जवरूनच तिला ते डाळिंबी लुगडं नेसवलं, गाठ कुठं, निऱ्या कुठं, काष्टा किती ओढायचा, आणि मग सोडून म्हटलं आता तू नेस. चार वेळा सुटलं, पाचव्या वेळी बसलं. तिनं दुकानातच दोन उठाबशा काढल्या आणि म्हणाली काकू हे तर शिवलेल्यापेक्षा कम्फर्टेबल आहे! ऑर्डर कॅन्सल नाही केली तिनं, शिवलेली पण नेली, पण दर महिन्याला एखाद्या मैत्रिणीला घेऊन येते नेसायला शिकायला. मी पैसे घेत नाही त्याचे.

जातंय ते हे आहे साहेब, नेसणं जातंय. सव्वाआठ मीटर सरळ कापडातून बाई आपल्या अंगाला, आपल्या कामाला, पोटात बाळ असेल तर पोटाला, बेतेल तसं वस्त्र करत होती, शिंपी न लागता. लग्नात तेच, म्हातारपणी तेच. माझ्या मशीनवर शिवलेलं दोन किलो वजन वाढलं की बसत नाही, परत उसवायला आणतात.

आणि एक गोष्ट मला लिहायचीच आहे. माझी मुलगी एका खाजगी शाळेत शिकवते. सरकारनं मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाचा जो आदेश काढला त्यात बायकांना साडी किंवा सलवार चुडीदार कुर्ता दुपट्टा दोन्ही चालतं असं स्पष्ट लिहिलंय. पण तिच्या शाळेत कार्यक्रमाच्या दिवशी साडीच, ती पण ठरलेल्या रंगाची, नाहीतर सगळ्यांसमोर बोलणं बसतं. शाळा घरापासून १४ किलोमीटर. तिच्यासोबतच्या बाईंच्या गाडीवर मागं बसून जाते, पावसाचे दिवस, पदर खोचलेला होता तो खड्ड्यात सुटला आणि मागच्या चाकात गेला. देवाची कृपा म्हणून गाडी हळू होती, कोपरावर टाके पडले तेवढ्यावर भागलं. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते ना, ती कायद्यानंच लावावी लागते, मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक तरी झाकलेलं पाहिजे असा केंद्राचा नियम आहे, म्हणजे साडी आणि चाक यांचं जमत नाही हे नियम करणाऱ्यांना कधीच कळलंय. शाळेला कळत नाही. मुलगी घरी आली, मी हळद लावत बसले होते आणि तिनं विचारलं, आई, आज मी ड्रेस घातला असता तर माझं शिकवणं कमी झालं असतं का? मला उत्तर देता आलं नाही. साडी माझा जीव की प्राण आहे, पण कुणीतरी वर बसून ठरवलेली साडी आणि आपण नेसलेली साडी यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

संस्काराचं म्हणाल तर सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला जायच्या तेव्हा त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला जायचा, म्हणून त्या जाताना सोबत दुसरं लुगडं घेऊन जायच्या, शाळेत पोचल्यावर बदलायला. अंगभर लुगडं नेसलेल्या बाईवर शेण फेकणारी माणसं स्वतःला संस्कारीच म्हणवून घेत होती. काकांनी एवढं आठवावं.

आणि ताईंनी, ज्यांना बेडी वाटते, त्यांनी २०१८ ची बर्लिनची मॅरेथॉन आठवावी, क्रांती साळवी नावाच्या आपल्या मराठी बाईनं नऊवारी नेसून ४२ किलोमीटर चार तासांच्या आत पूर्ण केलं आणि गिनीज बुकात नाव घातलं. तेवढं लांब पण जायला नको. दरवर्षी माउलींची पालखी नीरेवरून आपल्या सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढं जाते, त्यात डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या बघा, काष्ट्यात चालतात, आणि आपण चपला घालून दमतो.

पण मला सगळ्यात जास्त जी बाई दाखवायचीय ती यातली कुणीच नाही. मिरज तासगावकडं द्राक्षाच्या बागेत विरळणीला जाणाऱ्या बायका सकाळी टेम्पोत उभ्या असतात, उसाच्या फडात असतात, खुरपणीला असतात. खाली सहावारी साडी, तिच्यावर नवऱ्याचा किंवा पोराचा फुल बाह्यांचा जुना शर्ट, बटणं लावलेली, डोक्याला टॉवेल किंवा स्कार्फ, कधी पायात मोजे. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं, बागेत फवारणीचं औषध असतं, ऊन असतं, म्हणून शर्ट. हे कुणी डिझाईन केलं? कुणीच नाही, बायकांनी केलं, जसं आज्जीनं दंड घालून लुगडं चालवलं तसं. माझ्याकडं या बायका शर्ट घेऊन येतात, काकू याच्या बाह्या जरा लांब करून द्या, कॉलर बंद करा, आणि एकीनं तर सांगितलं आत कनवटीसारखा खिसा लावा, हजेरीचे पैसे पडतात. मी लावला. आता गावातल्या सगळ्यांना तसाच पाहिजे. पुढच्या पिढीला आमच्या भागातल्या बाईचा पोशाख कुठला म्हणून कुणी विचारलं तर मी पैठणी सांगणार नाही, हा शर्ट सांगेन, साडीवरचा.

तर संपादक साहेब, एक विनंती आहे. दर नवरात्रात पेपरांत नऊ रंगांचे फोटो येतात, बँकेतल्या, ऑफिसातल्या, शाळेतल्या बायका एका रंगाच्या साड्या नेसून, छान दिसतात, मी पण दोनदा पाठवलाय फोटो. यंदा नऊ दिवसांतला एक दिवस या बागेतल्या आणि फडातल्या बायकांना द्या, त्यांना रंग विचारू नका, त्या दिवशी ज्या शर्टात असतील त्या शर्टात काढा फोटो. फोटोग्राफर पाठवणार असाल तर सकाळी साडेसहाच्या आत पाठवा, नंतर टेम्पो निघून जातात. पत्ता आणि रस्ता मी दाखवेन.

आपली नम्र,
एक शिवणकाम करणारी वाचक, गावभाग, सांगली